प्रधानांची निष्ठा कोणाशी?

१६८० साली अण्णाजी दत्तो व मोरोपंत या प्रधानांनी जे केले ते राज्यहितासाठीच, असा युक्तिवाद आपल्या देवळांतील उत्सवी व्याख्यानांतून अजूनही ऐकू येतो. संभाजीराजे १६७८ च्या अखेरीस दिलेरखानास मिळाले होते. तेव्हा प्रधानांची शंका निराधार नव्हती, हे मान्य. पण शंका असेल तर ती भर दरबारात, वारसासमक्ष मांडावयाची असते. येथे ३ एप्रिलला महाराज निवर्तले, ती वार्ता पन्हाळ्यावरील थोरल्या पुत्रापासून लपविली गेली, त्यास कैद करण्याचा बेत झाला, आणि २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविण्यात आले. अज्ञान राजाच्या नावे कारभार कोण हाकणार होते, हे सांगावयास वकील कशाला हवा?

हंबीरराव मोहिते तर सोयराबाईंचे बंधू. भाच्याच्या राज्यात लाभ त्यांचाच होता. तरी त्यांनी थोरल्याचा पक्ष घेऊन प्रधानांनाच धरले. पुढे संभाजीराजांनी अण्णाजींस सोडून पुन्हा अधिकारपद दिले. १६८१ मध्ये त्याच अण्णाजींनी औरंगजेबाचा बंडखोर शाहजादा अकबर याच्याकडे राजांविरुद्ध संधान लावले, आणि अकबरानेच ते राजांस कळविले! पहिल्या कृत्यापुढे राज्यहिताची ढाल धरणाऱ्यांनी या दुसऱ्याचा खुलासा करावा.