नाच्या, जोगता आणि आपण

१९८५ साली फ्रान्सच्या 'अँदोशीन' या बँडने 'तिसरं लिंग' अशा अर्थाच्या नावाचं गाणं आणलं आणि मुलामुलींच्या वेशातली सीमारेषा पुसणारी तरुणाई त्या गाण्यात दिसली. उत्रोली-भोरच्या वाचकांना हे दूरचं वाटेल. पण आपल्या जत्रांतल्या तमाशात नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे.

रंगभूमीवरच्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या रंगवला, तर टिंगल त्यांच्या घरापर्यंत पोचली. एकाला दाद, दुसऱ्याला हेटाळणी का? या अंकात आम्ही तिथेच रेंगाळलो आहोत. २००९च्या 'जोगवा' चित्रपटात देवीला सोडून साडी नेसायला लावलेल्या जोगत्याचं प्रेम दिसलं, आणि त्यातलं प्रेमगीत तर घराघरात गेलं. ते गुणगुणणारे आपण खऱ्या जोगत्याशी कसं बोलतो?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. गावात मात्र बायकी चालीच्या पोराला अजून चिडवलं जातं, म्हणून हा अंक आत्ताच काढावासा वाटला. तुमचे अनुभव, मतभेदसुद्धा, आम्हाला जरूर कळवा. दुसऱ्या कुणाबद्दल लिहिणार असाल, तर आधी त्यांना विचारा.