‘गरज पडल्यास’ हे ठरवतं कोण?

मनोरुग्णालयातल्या नर्सना औषधांचं सखोल शिक्षण द्यावं असं म्हटलं, की एक ठरलेलं उत्तर येतं. सिस्टरने वेळेवर गोळी द्यावी, रुग्णाने ती गालात दडवली नाही ना ते पाहावं, सही करावी. साइड इफेक्ट हा डॉक्टरांचा प्रांत.

असं म्हणणारे डॉक्टरच केसपेपरवर लिहून जातात: हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम, सोबत फेनरगन, एसओएस. म्हणजे शांत करणारं हे इंजेक्शन गरज पडल्यास द्या. रात्री दोन वाजता ती गरज पडली की नाही, हे कोण ठरवतं? सिस्टरच. निर्णय तिच्याकडे सोपवून झालेला आहे. हरकत आहे ती फक्त त्यासाठी लागणाऱ्या ज्ञानाला!

हॅलोपेरिडॉल सुरू होऊन चार दिवस झालेला रुग्ण घ्या. त्याला बसवत नाही, तो येरझारा घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. ही अकॅथिसिया, औषधानेच आणलेली तगमग. वहीत नोंद होते, ‘रुग्ण अस्वस्थ, ऐकत नाही’. एसओएस दिलं जातं. सकाळी नोंद वाचून डोस वाढतो आणि तगमगही वाढते. (फेनरगन हॅलोपेरिडॉलने वाकडी झालेली मान सरळ करतं, अकॅथिसियात त्याचा भरवसा नाही.) खरं तर डोस कमी करायचा असतो, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध द्यायचं असतं. राउंडच्या पाच मिनिटांत हा फरक कळेलच असं नाही. तो दिसतो आठ तास वॉर्डात असणाऱ्याला, आणि तेही ‘आवाज ऐकू येतात म्हणून फिरतोस, की बसवतच नाही म्हणून?’ हे विचारायचं माहीत असेल तर.

ताप ही तर वॉर्डातली रोजची तक्रार. पण हॅलोपेरिडॉलवरच्या रुग्णाला ताप आला, अंग लाकडासारखं ताठ झालं, तो भ्रमिष्ट बोलू लागला, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना तत्काळ उठवायचं असतं. क्लोझापीनवरच्या रुग्णाचा घसा दुखून ताप आला, तर पांढऱ्या पेशी मोजायला रक्त पाठवायचं असतं. 1975 साली फिनलंडमध्ये याच औषधाने पेशी कोसळून जंतुसंसर्गाने 8 रुग्ण दगावल्याची नोंद आहे. दोघांनाही नुसती पॅरासिटामॉल देऊन झोपवणारी सिस्टर आज्ञाधारक असेल, सुरक्षित नव्हे.

दुसरा आक्षेप असा की साइड इफेक्टची चर्चा केली तर रुग्ण गोळ्या सोडतील. ते सोडतातच, न सांगता. रिस्पेरिडोनने पाळी थांबलेली, छातीतून दूध येऊ लागलेली बाई पुरुष डॉक्टरसमोर गप्प राहते. सिस्टरने आपणहून विचारलं तर बोलते, आणि बोलली तर औषध बदलता येतं.

कामाच्या बोज्याची तक्रार मात्र खरी आहे. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल तर ती पाहणार काय? पण त्यावरून मागणी निघते ती जास्त नर्सची, कमी जाणणाऱ्या नर्सची नव्हे.

तेव्हा एसओएसच्या ऑर्डरखाली डॉक्टरांनी आणखी एक ओळ लिहावी: ‘आधी अकॅथिसिया नाही ना, ते पाहा.’ आणि सिस्टरने ‘इंजेक्शन दिलं नाही, कारण…’ अशी नोंद केली, तर सकाळी तिला जाब विचारण्याआधी ते कारण वाचावं.