आधी कूळ, मग कीड

फुललेले झुडूप ओळखायला माळी लागत नाही. तक्रार येते त्या झाडावर मात्र बहुधा फूल नसते. पाने पिवळी, कळ्या गळालेल्या आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर एका पानाचा धूसर फोटो, एवढाच पुरावा हाती येतो. अशा वेळी ओळख पटते ती पानांची मांडणी, चीक, उपपर्णे आणि वास यांवरून. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती टाळून थेट औषधाचे नाव सांगण्याची सवय नर्सरी व्यवसायात फार मुरली आहे.

तगर आणि अनंत ही नेहमी गल्लत होणारी जोडी. दोन्हींची पाने समोरासमोर, गर्द आणि तकतकीत. दोन्हींची फुले पांढरी. पान तोडले की तगरीतून दुधासारखा चीक येतो, अनंतातून येत नाही. अनंताच्या समोरासमोरच्या देठांमध्ये, पेराला लागून उपपर्ण असते. हीच खूण एक्झोरा आणि मुसेंडा यांतही सापडते, कारण तिन्ही झुडपे कॉफीच्या कुळातली. कण्हेरीची पाने एका पेरावर बहुधा तीन-तीन असतात. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, एकेक करून फांदीभोवती फिरत जातात. नर्सरीत मधुकामिनी म्हणून खपणाऱ्या कुंतीचे पान उजेडासमोर धरले की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, आणि चुरगाळले की लिंबाच्या जातीचा वास येतो. जास्वंदीचे पान चोळले तर बोटांना बुळबुळीत लागते.

या खुणांचा उपयोग पाटीवर नाव लिहिण्यापुरता नाही. किडी कुळाचा माग काढत येतात. जास्वंद, भेंडी आणि कापूस एका कुळातले. म्हणून मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि लाल ढेकूण या तिन्हींवर सापडतात, आणि गच्चीत जास्वंदीशेजारी भेंडीची कुंडी ठेवली की कीड एकीवरून दुसरीवर जाते. कण्हेरीच्या शेंड्यावरचा पिवळाधमक मावा रुईवरही असतो. तगरीची पाने रातोरात फस्त करणारी जाड हिरवी अळी कण्हेर आणि सदाफुलीवरही वाढते. ती हाताने वेचून काढता येते. एवढ्यासाठी पंप बाहेर काढण्याची गरज नसते.

कुंती, कढीपत्ता आणि लिंबू यांचे नाते त्याहून गंभीर. सिट्रस सायला ही कीड कुंती आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या फुटीवर राहते, आणि लिंबूवर्गातला ग्रीनिंग रोग तीच पसरवते. फ्लोरिडात हा सायला १९९८ मध्ये प्रथम सापडला. राज्यभर तो पसरला त्यात दुकानांतून विकल्या गेलेल्या कुंतीच्या रोपांचा हात होता, आणि २००५ मध्ये ग्रीनिंगही तिथे आढळला. संत्र्याच्या पट्ट्यात कुंती आणि लिंबूवर्गीय कलमे एकाच शेडनेटखाली वाढवणाऱ्या नर्सरीचालकांनी या उदाहरणाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. दोन्हींची जागा वेगळी हवी, आणि कुंती विक्रीला काढण्याआधी शेंड्यावरची नवी फूट भिंगाखाली पाहिली पाहिजे.

पिवळ्या पानांच्या बहुतेक तक्रारींत कीड नसतेच. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे आधी पाहायचे. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता संभवते. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असे दिसले तर लोह मिळत नाही. एक्झोरा आणि अनंत यांना आम्लधर्मी माती मानवते. कोकणातल्या जांभ्या मातीत ती सुखाने वाढतात. देशावर चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर त्यांची कोवळी पाने फिकी पडतात. मातीत लोह असते, पण झाडाला घेता येत नाही. अशा मातीत हिराकस टाकून फारसे साधत नाही, कारण तो लवकरच निरुपयोगी रूपात बदलतो. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून पानांवर फवारल्यास तात्पुरता उतार पडतो. चिलेटेड लोह घ्यायचे तर तेही पाहून घ्यावे: ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो. आणि सगळे झाडच निस्तेज झाले असेल तर कुंडी उलटी करून मुळे पाहावीत. मुळे तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची असतील तर दोष पाण्याचा आहे, आणि खत घातल्याने तो वाढेल.

मोग्र्याच्या पानांवर दिसणारी पांढरी लव भुरी समजली जाते. बोटाने पुसली जाते ती भुरी. पुसली न जाणारी लव पानाचेच केस असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कोळ्याच्या उपद्रवाने ते वाढलेले असतात. गंधक दोन्हींवर चालते, त्यामुळे निदान चुकूनही झाड सुधारते आणि चुकीचे निदान पक्के होऊन बसते! कळ्यांच्या बाबतीत अशी सूट मिळत नाही. मोग्र्याची कळी बुडाशी सुजून जांभळट होत असेल आणि गळत असेल, तर आत कळीमाशीच्या अळ्या असतात. जाईची कळी बाहेरून मुळातच गुलाबी असते, म्हणून रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी झाड जाईचे की मोग्र्याचे हे ठरले पाहिजे. कळीच्या आतल्या अळीपर्यंत वरची फवारणी पोचत नाही. गळालेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करणे आणि बुंध्याजवळची माती हलवून कोरडी ठेवणे अधिक उपयोगी, कारण अळी कोशात जाते ती मातीत.

पिठ्या ढेकणाबाबतही घाई नडते. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि पपईबरोबर जास्वंदीवरही पसरला. तो आटोक्यात आणण्याचे मोठे श्रेय २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या असेरोफॅगस पपायी या परोपजीवी कीटकाला जाते. हा कीटक ढेकणाच्या अंगात अंडी घालतो. मग ढेकूण कडक होऊन वाळतो, आणि असे वाळके ढेकूण भिंगाने ओळखता येतात. ते दिसत असतील तर रासायनिक फवारा मारू नये. मुंग्यांची ये-जा बंद करावी, लागण झालेले शेंडे छाटावेत, साबणाच्या पाण्याने झाड धुवावे. घाईने निवडलेले औषध इतर किडींबाबतही उलटते: लाल कोळ्यांवर इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे चालतच नाहीत, उलट त्यांच्या वापरानंतर कोळी वाढल्याच्या नोंदी आहेत.

औषध द्यायचेच ठरले तर ते मूळ वेष्टनातच द्यावे. पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिलेल्या द्रावणावर ना नाव असते, ना विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण. कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, हे रोपांबरोबर पुडी देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पाटीवर नावासोबत आणखी एक ओळ हवी: कण्हेर आणि बिट्टी या दोन्हींचे सर्व भाग, आणि बिट्टीच्या बिया विशेषकरून, विषारी असतात. लहान मुले किंवा जनावरे असलेल्या घरी ही रोपे देताना हे तोंडीही सांगावे.