सहल मांडवीपलीकडे हवी

वार्षिक सहलीचा विषय निघाला की महाबळेश्वर आणि वॉटर पार्क ही दोनच नावे पुढे येतात. आम्हा शिक्षकांचे म्हणणे यंदा वेगळे आहे. मुलांना फेरीबोटीत बसवून तिसवाडीतल्या बेटांवर न्यावे आणि तिथे भरपूर चालवावे.

दिवाडी, चोडण, जुवे, वांशी, कुंभारजुवे ही बेटे समुद्रापासून आत, नदीच्या कुशीत आहेत. पावसाळा सरला की पाणी शांत असते. चोडणच्या पश्चिम टोकाचे, १९८८ साली झालेले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे. खारफुटीची मुळे श्वास कशी घेतात हे फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा ओहोटीला चिखलातून वर आलेली तिथली मुळेच दाखवणे सोपे.

पण आमचा खरा हट्ट खाजनासाठी आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी बांध घातले आणि बांधात मानस बसवली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना वीज, ना मोटर! याच जमिनीत खारेपणा सोसणारे कोरगूट भात पिकते. बांध फुटला आणि वेळेवर बुजवला नाही, तर शेत पडीक होते व त्यात खारफुटी माजते. बांध राखायचा कोणी? ज्यांच्या घरी खाजनशेती आहे अशी मुलेही उत्तरपत्रिकेत ‘मानस म्हणजे मन’ एवढेच लिहितात.

दिवाडीवरच्या नार्व्यात कदंबांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले आणि देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यात गेला. तिथल्या गावाचे नावही नार्वेच. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, हे मुलांना पाठ असते. पण दिवाडीवर कोटितीर्थाची तळी पाहून, फेरीने पलीकडे उतरून देवळापर्यंत चालत गेलेल्या मुलाला तो इतिहास वेगळा कळेल.

पालकांची पाण्याची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि लहान होडीत जाकिटाशिवाय कोणी पाय ठेवू नये. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेव्हा तिथे काठावर उतरणे नाहीच. ‘दिवाडीत बघायला आहे काय?’ असे विचारणाऱ्या पालकांनी मात्र अवश्य सोबत यावे.

विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत मान्यता द्यावी, अशी आमची विनंती आहे. तारीख भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ठरवावी लागेल. सकाळी ओहोटी असलेला डिसेंबरातला एखादा शनिवार चालेल. बांधावरून चालण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांना आधी विचारले पाहिजे. आणि मुलांना जुनेच बूट घालून पाठवा, चिखल लागणारच आहे.