चित्राचा धनी आणि आपले दुकान

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत मुलांच्या कार्टूनांवर लेख पाहून काही ज्येष्ठ सभासदबंधूंच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस जाणीव आहे. वसुली, वाहतूक, वस्तू व सेवा कर असे जिव्हाळ्याचे विषय सोडून हा पोरखेळ कशासाठी, असा प्रश्न त्यांनी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु हा पोरखेळ आता आपल्या गल्ल्यापर्यंत येऊन पोचला आहे. दप्तर, वही, पाण्याची बाटली, डबा, छत्री, वाढदिवसाच्या टोप्या, यांपैकी चित्रावाचून खपणारी वस्तू आज शोधावी लागते. सचेतपटांचा, म्हणजे मुलांच्या भाषेत कार्टूनांचा, धंदा पडद्यावर कमी आणि दुकानात अधिक चालतो. तेव्हा त्याचा विचार दुकानदाराने करावयाचा नाही तर कोणी?

हा विचार आम्हांस एका मुलाने शिकविला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शाळा सुरू होण्याच्या हंगामात आम्ही लाटंबार्से येथील आमच्या दुकानात दप्तरे मांडली होती. एका घाऊक व्यापाऱ्याकडून ती स्वस्तात मिळाली होती आणि त्यांवर छोटा भीम छापलेला होता. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईचे बोट धरून आला, दप्तर हाती घेऊन त्याने ते नीट न्याहाळले आणि आईस म्हणाला, ‘‘हो आमचो भीम न्हय!’’ भीमाचे नारिंगी धोतर निळे झाले होते आणि चेहराही काहीसा वेगळाच होता. आईने भाव ऐकून तेच दप्तर घेतले. पैसे गल्ल्यात पडले. परंतु त्या मुलाची नजर आमच्या मनातून गेली नाही. आपण भीम विकला नाही, भीमाचे सोंग विकले, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

सोंगाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर या धंद्याच्या इतिहासात आहे. वॉल्ट डिस्नी व त्यांचे बंधू रॉय यांनी 1923 साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे आपली चित्रशाळा काढली. तेथे निर्माण झालेला ऑस्वाल्ड नावाचा ससा चांगला लोकप्रिय झाला. 1928 साली वॉल्ट डिस्नी वितरकाकडे वाढीव रक्कम मागावयास न्यूयॉर्कला गेले, तेव्हा सशाची मालकी करारान्वये युनिव्हर्सल कंपनीची असल्याचे त्यांना कळून चुकले. शिवाय वितरकाने त्यांचे बहुतेक चित्रकारही फोडले होते. ज्याने जीव ओतून ससा घडविला तो रिकाम्या हाती परतला. त्याच वर्षीच्या 18 नोव्हेंबर रोजी ‘स्टीमबोट विली’ हा पट झळकला आणि मिकी नावाचा उंदीर जगास माहीत झाला. या उंदराची मालकी मात्र डिस्नी बंधूंनी आपल्याच हाती ठेवली.

येथून पुढची त्यांची भरभराट व्यापाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. 1932 साली त्यांनी के केमेन या विक्रीकुशल गृहस्थाकडे मालाचे हक्क देण्याचे काम सोपविले. 1933 साली, अमेरिकेत मंदीने हाहाकार उडविलेला असता, मिकीचे चित्र असलेले इंगरसोलचे घड्याळ बाजारात आले व हातोहात खपले. 1937 साली हिमगौरी व सात बुटक्यांचा पूर्ण लांबीचा पट आला, तेव्हा त्याच्या बाहुल्या, पुस्तके व खेळणी दुकानांत आधीच मांडली गेली होती. 1955 साली डिस्नीलँड उघडले. पट एकदा पाहून संपतो. पात्र मात्र घरात राहावयास येते, हे त्या बंधूंनी ओळखले होते. गमावलेला ऑस्वाल्ड ससा कंपनीकडे परत आला तो 2006 साली, म्हणजे तब्बल अठ्ठ्याहत्तर वर्षांनी! करारावर डोळे मिटून सही करणाऱ्यास याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडे कला नव्हती काय? होती, आणि फार आधीपासून होती. दादासाहेब फाळके यांनी 1910 च्या दशकातच आगकाड्या पडद्यावर नाचवून दाखविल्या होत्या. 1929 साली कोल्हापुरात स्थापन होऊन पुढे पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीने ‘जंबूकाका’ हे कार्टून काढले. परंतु दादासाहेबांचा अंत 1944 साली नाशिकात विपन्नावस्थेत झाला आणि जंबूकाकाचे नाव आज अभ्यासकांपलीकडे कोणी घेत नाही. आगकाड्या नाचल्या, पण त्यांच्या मागे हिशेबाची वही उभी राहिली नाही. कलावंताने निर्माण करावे आणि त्याचे मोल टिकवावयास कोणी व्यापारी शेजारी नसावा, ही आपल्या भूमीची जुनी व्यथा आहे.

अलीकडे चित्र पालटू लागले आहे. केतन मेहता व दीपा साही यांनी स्थापिलेल्या मुंबईच्या कॉसमॉस-माया या संस्थेने दिल्लीच्या ‘लोटपोट’ या बालनियतकालिकातील मोटू व पतलू यांस 2012 साली दूरचित्रवाणीवर आणले. समोसा खाल्ल्यावाचून ज्याचे डोके चालत नाही असा मोटू देशभरच्या घरांत पोचला. याच संस्थेने ‘ईना मीना डीका’ ही मालिका संवादांविना रचली; ज्या मालाला भाषेची अडचण नाही त्याला गिऱ्हाईक कोणत्याही देशात मिळते, हे व्यापारी धोरण त्यामागे उघड दिसते. 2018 साली परदेशी भांडवलदारांनी या संस्थेत मोठा हिस्सा घेतला. तिकडे हैदराबादेत राजीव चिलका यांनी 2001 साली ग्रीन गोल्ड ही संस्था काढली व 2008 साली छोटा भीम पोगो वाहिनीवर आणला. वाहिनी दुसऱ्याची, परंतु भीम आपला, हे सूत्र त्यांनी सोडले नाही. भीमाच्या मालाची स्वतःची दुकानेही त्यांनी उघडली. 2019 साली त्या भीमाचे बालरूप नेटफ्लिक्सवरून परदेशांतील घरांतही गेले.

आता आपल्या दुकानाकडे वळू. चित्राचा धनी दप्तर बनविणाऱ्यास परवाना देतो आणि विकल्या गेलेल्या मालावर ठरलेला हिस्सा घेतो. त्या हिश्श्यातून चित्रकारांचे पगार होतात व पुढची गोष्ट रचली जाते. सोंगाचे दप्तर स्वस्त पडते, कारण त्यात हा हिस्सा कोणी भरलेला नसतो. म्हणजे आम्ही दिलेली सवलत आमच्या खिशातली नव्हती. ती कोणा अनोळखी चित्रकाराच्या खिशातून काढलेली होती. 1957 च्या कॉपीराइट कायद्यान्वये जाणूनबुजून केलेल्या अशा उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने बोलावे असे आम्हांस वाटत नाही. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आपल्या घरोघरी शिकविले जातात. त्यांतील खोट्या वजनमापाचा अतिचार आपल्या वाडवडिलांनी कसोशीने टाळला. त्यांच्या तराजूवर गावाने डोळे मिटून विश्वास ठेवला. त्याच पाचांत ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल खपविणे, हाही एक आहे. तराजू सांभाळणाऱ्या हाताने दप्तराकडे दुर्लक्ष करावे, हे शोभत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, या कंपन्या गडगंज आहेत. त्यांचे काय बुडते? आम्ही उलट विचारतो: आपल्यापैकी कोणाच्या पापडाच्या वा अगरबत्तीच्या वेष्टणाची हुबेहूब नक्कल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिसली, तर आपली मिळकत मोजून आपण गप्प बसू काय? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डिचोली तालुक्यातील घरांनी 2012 साली व पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्यावर जे दिवस काढले, ते दुकानाच्या उधारीच्या वहीत आम्ही पाहिले आहेत. अशा घरातील आईस महाग दप्तर परवडत नाही, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तिच्यासाठी बिनचित्राचे, मजबूत शिवणीचे, साधे दप्तर ठेवता येते. ते स्वस्त असते, प्रामाणिक असते आणि बहुधा अधिक टिकते. गरिबास स्वस्त माल द्यावा. परंतु स्वस्त म्हणून खोटा माल गरिबाच्याच माथी मारू नये.

म्हणून सभासदबंधूंस आमची विनंती अशी की, चित्राचा माल घेताना घाऊक व्यापाऱ्याकडे पक्के बिल व परवान्याची खूण मागावी. एकट्याने विचारले तर तो हसेल, हे आम्ही अनुभवले आहे. संघाने एकमुखाने विचारले तर तो हसणार नाही. नक्कल नाकारल्याने एका हंगामाचा थोडा नफा जाईल. आम्ही तो सोडला आहे आणि त्याची झळही सोसली आहे. तरी निर्णयाचा पश्चात्ताप नाही.

आणखी एक सूचना. आमच्या गावापासून दोडामार्गाच्या सीमेपलीकडे, कुडाळजवळ पिंगुळी येथे, ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. चित्रांची पोथी समोर धरून गाण्यातून कथा सांगावयाची ही कला सचेतपटाची थोरली बहीणच होय. तेथील परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, परंतु सन्मानाने चूल पेटत नाही. ती मागणीने पेटते. आपला संघ दरवर्षी दिनदर्शिका काढतो आणि सभासद गिऱ्हाइकांस पिशव्या वाटतात. त्यांवरील चित्रे पिंगुळीहून का घेऊ नयेत? मात्र चित्राची मालकी चित्रकाराकडे राहील आणि प्रत्येक छापील प्रतीमागे त्यास ठरलेला हिस्सा मिळेल, असा लेखी करार आधी करावा. डिस्नी बंधूंना जे ठेच लागून कळले, ते आपल्या शेजारच्या कलावंतास ठेच न लागता मिळावे.

त्या मुलाचे दप्तर आता फाटले असेल. पुढल्या हंगामात तो दुकानात येईल, तेव्हा त्याने चित्र न्याहाळावे आणि काही न बोलता दप्तर खांद्यास लावावे, एवढीच आमची इच्छा आहे. ज्या दुकानात मुलाची फसगत होत नाही, त्या दुकानाची पत मोठ्यांस वेगळी सांगावी लागत नाही.