हसवून प्रश्न विचारणारे नाटककार



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि गावोगावी नाटकांचे बोर्ड लागतात. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेली माणसे तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. पण मराठी नाटकाला नवे प्रश्न देणारा एक नाटककार आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला आहे, हे किती घरांत ठाऊक आहे? प्रेमानंद गज्वी हे त्यांचे नाव. जन्म १९४७ चा, ब्रह्मपुरी तालुक्यातील पिंपळगावचा.

त्यांचे मोठेपण समजण्यासाठी आधी आयर्लंडच्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्याकडे पाहू. १८५६ साली डब्लिनमध्ये जन्मलेल्या शॉ यांनी कोवळ्या वयात आमच्यासारखीच कारकुनी केली. पुढे लंडनला जाऊन ते नाटककार झाले आणि १९२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ हे शॉ यांच्याच नाटकावरून आलेले. १८९२ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या पहिल्या नाटकात एक तरुण डॉक्टर भावी सासऱ्यावर संतापतो, कारण त्याची श्रीमंती झोपडपट्टीच्या भाड्यावर उभी असते. मग कळते की डॉक्टरचे स्वतःचे उत्पन्नही तिथूनच येते! प्रेक्षक हसतो आणि हसता हसता स्वतःच्या खिशात पाहतो.

गज्वी यांची वाट वेगळी, पण धार तीच. ‘घोटभर पाणी’ ही १९७७ ची एकांकिका. दोनच पात्रे आणि प्रश्न पाण्याचा. महाडच्या चवदार तळ्यापासून आपल्याला ओळखीचा असलेला हा प्रश्न या एकांकिकेने अनेक भाषांत नेला. ‘किरवंत’ मध्ये ते थेट ब्राह्मणाच्या घरात शिरले. मृताचे क्रियाकर्म करणाऱ्या ब्राह्मणाला इतर ब्राह्मणच दूर ठेवतात. जातीची उतरंड वरच्या मडक्यालाही सोडत नाही, हे त्यांनी दाखवले. डॉ. श्रीराम लागू यांच्यासारख्या नटाने ते नाटक उचलून धरले. २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद गज्वी यांना मिळाले.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘गांधी-आंबेडकर’. त्यात एक विदूषक आहे आणि तो दोघांनाही प्रश्न विचारतो. दुसऱ्याची खिल्ली उडाली की टाळ्या वाजवणे सोपे असते. आपल्या माणसालाही प्रश्न विचारलेला ऐकून घेणे अवघड. पण तपासल्याशिवाय काही स्वीकारू नका, ही तर तथागतांची शिकवण. ती मानणाऱ्यांना विदूषकाची भीती का वाटावी?

झाडीपट्टीला हसवणे शिकवावे लागत नाही. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या सेवेसाठी. हसवणारे आहेत, जागून पाहणारेही आहेत. त्या हसण्यात प्रश्न पेरण्याचे काम तेवढे बाकी आहे.

म्हणून युवक मंडळांना आमची एक सूचना आहे. येत्या १४ एप्रिलला डीजेचा खर्च थोडा कमी करा आणि विहारासमोर ‘घोटभर पाणी’ बसवा. रीतसर परवानगी घ्या. दोन कलावंत पुरतात, भपकेबाज पडदे लागत नाहीत. प्रयोग संपला की लगेच पांगू नका. आयाबहिणींना पुढे बसवा आणि विचारा, आपल्या गावात आज पाणी कुठे अडते?

जयभीम!