रेसची जुनी गाडी ४६० कोटींना गेली, मग दारातल्या फियाटचं काय?

केडगावात पुणे रोडला एखाद्या गॅरेजमागे धूळ खात पडलेली फियाट दिसली की हल्ली कुणीतरी म्हणतंच, "जपून ठेवा, करोडोंची आहे!" रील्स बघून अनेकांना तसं वाटायला लागलंय. म्हणून यातलं खरं किती, ते बघू.

आधी मोठे आकडे

१ फेब्रुवारी २०२५ ला जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये मर्सिडीजच्या डब्ल्यू १९६ आर या रेसिंग कारचा लिलाव झाला. किंमत ५ कोटी ११ लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ४६० कोटी रुपये. मे २०२२ मध्ये मर्सिडीजचीच ३०० एसएलआर कूपे १३.५ कोटी युरोंना विकली गेली होती.

एवढे पैसे कशाचे?

नुसत्या वयाचे नाहीत. ३०० एसएलआर कूपे जगात दोनच बनल्या. डब्ल्यू १९६ आर चालवून हुआन मॅन्युएल फांजिओ यांनी १९५५ ची ब्युनोस आयर्सची शर्यत जिंकली होती. म्हणजे गाडी दुर्मीळ हवी आणि तिच्यामागे इतिहासही हवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: पुरावा. रेसच्या गाड्या आपटायच्या, इंजिनं बदलली जायची, सीझन संपला की त्या कवडीमोल व्हायच्या. आज हुबेहूब नक्कल बनवणारे कारागीर आहेत. मग असली कोणती? चॅसी नंबर, इंजिन नंबर, रेसच्या नोंदी, जुने फोटो आणि मालकांची साखळी जुळली, तरच कोट्यवधींची बोली लागते.

यात आपला काय संबंध?

आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलंय, त्या अहिल्यादेवींच्या होळकर घराण्यातले इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव गाड्यांचे मोठे शौकीन होते. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकन 'डुसेनबर्ग एसजे' खास बनवून घेतली. ती रेसिंग कार नव्हती, पण याच कंपनीच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली होती. होळकरांची ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. याच कंपनीची, अभिनेता गॅरी कूपर यांची एक गाडी २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. तिच्यासारख्या फक्त दोनच बनल्या होत्या.

मग फियाटचं काय?

प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडली. त्यामुळे कोटींचं स्वप्न सोडा. पण म्हणून लगेच भंगारवाल्यालाही बोलावू नका.

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र चालवता येत नाही.

त्यामुळे गाडी विकायच्या आधी आरसी बुक शोधा. चॅसी आणि इंजिन नंबर त्याच्याशी जुळवा. आजोबांचा गाडीसोबतचा फोटो, जुनी बिलं एका फाईलमध्ये ठेवा. ४६० कोटींच्या मर्सिडीजलाही हीच परीक्षा द्यावी लागते. आणि कुणी कागद न बघताच "करोडोंची आहे" म्हणत असेल, तर त्याच्यापासून दोन हात लांबच राहा.